स्टीलच्या डब्यातली पातळभाजी

मी चौथीपर्यंत शिकलो, पण शहाणपण कुणाकडून उसनं घेतलं नाही. डिचोलीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, "आजोबा, किडनी थकत चाललीय."

"दारू नाही, विडी नाही, मग कशानं?"

"वय आहे, प्रेशर आहे. गरम जिन्नस प्लास्टिकमधून आणता का? त्यातली रसायनं अन्नात उतरतात. किडनीला तीही बाधत असावीत, असा संशय आहे."

सर्वणच्या नाक्यावरच्या हॉटेलातून रोज सकाळी पावाबरोबर पातळभाजी आणतो ती पिशवीतूनच. टोपातून थेट पिशवीत, वर दोऱ्याची गाठ. हाताला चटका बसला तरच भाजी ताजी, असं मीच बायकोला ऐकवायचो.

"नुसता संशय आहे," मी घरी म्हटलं. "पिशवी चालू राहील."

बायको म्हणाली, "नुसत्या संशयावरून शेजाऱ्याशी बोलणं टाकलंत. पिशवीशी तेवढी सोयरीक?"

दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा डबा घेऊन निघालो. तिच्या बोलण्यामुळे नव्हे, माझ्याच मनात आलं म्हणून. हॉटेलवाल्यानं डबा आत नेऊन भरून दिला. येताना तो सगळ्यांना दिसेल असा धरला. घरी झाकण उघडलं, तर आत भाजीची पिशवी, गाठीसकट.

तसाच परत गेलो.

"डबो तेलकट जातलो न्हय, आजोबा!" हॉटेलवाला म्हणाला. "धुवायचा त्रास नको म्हणून तुमच्यासाठी मुद्दाम डबल पिशवी घातली."

तेव्हापासून डबा मी हातातून सोडत नाही, भाजी समोर ओतून घेतो. स्टील चांगलंच तापतं. बायकोला सांगतो, चटका बसला म्हणजे ताजी आहे.