उवांचं तेल

कुणीही बाई दारात जाऊन उभी राहिली, की मावशी आधी स्वतःचं डोकं खाजवायची. कराकरा, दोन्ही हातांनी. मग म्हणायची, "लई झाल्यात बया माझ्या डोस्क्यात. त्याल काढलंय. न्यायचं का थोडं? असावं घरात."

तिच्या डोक्यात एकही ऊ नव्हती. पण तुम्हीच सांगा, 'माझ्या लेकीच्या डोक्यात उवा झाल्यात' असं कुठली आई तोंड वर करून सांगेल? आमच्या धाराशिवच्या गल्लीतल्या साऱ्याजणींची ती अडचण मावशीनं आपल्या डोक्यावर घेतली होती. आम्ही बाटली पदराखाली घालायचो आणि वर तिलाच "जपा हं मावशी" असं सांगून निघायचो.

गावाबाहेर सीताफळाचा गर काढायचा कारखाना आहे. हंगामात ती तिथं कामाला जायची. गर रबडीवाल्यांकडे जायचा आणि बिया उकिरड्यावर. त्या बिया मावशी पोत्यात भरून घरी आणायची, धुवायची, पत्र्यावर वाळवायची. कुटताना उखळावर फडकं झाकायची, कारण ती पूड डोळ्यात गेली तर डोळेच जायचे. मग करडईच्या तेलात मंद आचेवर ठेवायची आणि जुन्या धोतरातून गाळायची.

"बियांतलं विष असं तेलात उतरतं होय?" मी एकदा विचारलं.

"इख म्हणू नगं. गुण म्हण. फेकल्यालं हाय म्हणून काय त्येला गुण नसतुय व्हय?"

तेल लावायचं कसं, तेही ती स्वतःवर घालूनच सांगायची. "म्या तर बाई डोळ्याला फडकं बांधूनच लावते. न्हायतर डोळं जायाचं." आम्हाला बरोबर कळायचं. घरी जाऊन आम्ही पोरींचे डोळे बांधायचो.

समोरच्या घरात पुण्याहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब राहायला आलं. त्यातल्या बाईला मात्र हे कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारी आपलं स्वतःचंच पुराण सांगतेय. तिनं लेकीच्या डोक्याला तेल चोळलं, आणि डोकं धुताना ते डोळ्यांत उतरलं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते. दुपारी ती बाई लेकीला उचलून धावत आली. पोरीचे डोळे सुजून मिटले होते आणि ती नुसती किंचाळत होती.

"काय गेलं डोळ्यात?" डॉक्टर बाहेरच आले.

"शाम्पू."

"शाम्पूनं एवढं होत नाही. नीट सांगा, त्यावर उपचार ठरतो."

हॉल माणसांनी भरला होता. बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "शाम्पूच." तेलाचा तो वास मला माझ्या खिडकीतही आला. मी पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

तेवढ्यात मावशी धापा टाकत आली. गल्लीतली रडारड ऐकूनच तिला उमगलं असणार. डॉक्टरांपुढं उभं राहून तिनं काय म्हणावं?

"डाक्टरसायब, माझ्या डोळ्यात शिताफळीच्या बियाचं त्याल गेलंय. काय करावं त्येला?"

डॉक्टरांनी तिचे धडधाकट डोळे पाहिले. "आजी, रांगेत बसा."

"अवो, पर आदी सांगा की! लई वंगाळ असतंय त्ये!"

"बसा म्हटलं ना."

मला आलेलं हसू मी वहीत तोंड घालून दाबलं. मावशीनं त्या बाईकडं पाहिलं. बाईनं हळूच मान हलवली, नको म्हणून. पोरगी पुन्हा किंचाळली.

"पोरीच्या डोस्क्यात उवा व्हत्या," मावशी मोठ्यानं म्हणाली. "म्या त्याल दिलतं. त्येच गेलंय डोळ्यात."

हॉलमधल्या साऱ्या माना त्या बाईकडं वळल्या. डॉक्टरांनी पोरीला लगेच आत नेलं आणि डोळे धुवायला घेतले. नजर वाचली. मावशी मात्र बाकाच्या टोकाला तोंडावर पदर ओढून बसली होती. "सांगायचं तवा सरळ सांगितलं न्हाय. अन् आता लेकरावालीची अब्रू घालवली म्या," एवढंच घोकत होती.

आता आमच्या गल्लीचं ऐका. डोळ्यांबद्दल तिला कुणी शब्दानं बोललं नाही. "चुकतं माणसाचं. पण असं चारचौघांत बोलायचं?" असं म्हणाल्या साऱ्या. त्यानंतर दारात कुणी आलं, की मावशी सरळ विचारायची, "कुणाच्या डोस्क्यात झाल्यात? पोरीचं डोळं बांधा, म्या सांगते म्हणून बांधा." एकदोघी गेल्या, त्या कानकोंड्या होऊन परत आल्या. पुढं कुणी गेलंच नाही. मीही मेडिकलमधून औषध आणलं, तेसुद्धा आमच्या चौकातल्या नव्हे, पार स्टँडजवळच्या.

मावशीचा भाचा माकणीला असतो. एक दिवस ती त्याच्याकडं राहायला निघाली. टेंपोत तिचं सामान चढत होतं तेव्हा मी जवळ गेले.

"त्या पोरीचं डोळं बरं हायत न्हवं?"

"हो. शाळेत जाते आता."

"मग झालं."

शाळेतल्या बाईंनी माझ्या लेकीचे केस कापून टाका म्हणून सांगितलं होतं. मावशीच्या तेलानं तिची वेणी वाचली होती. ते बोलायचं आणि तिच्या पाया पडायचं, असं ठरवूनच मी घराबाहेर पडले होते. पण दारादारांत बायका उभ्या होत्या, आणि मी अशी का वाकतेय, हे त्यांना लगेच कळलं असतं.

"पोचलात की फोन करा, मावशी," एवढंच म्हणाले.

तिच्याकडं फोन नव्हता. मला ते ठाऊक होतं.

"व्हय, करते की," मावशी म्हणाली आणि टेंपोत चढली.