एका सेकंदाच्या नोंदी

सांगलीत पाणी चढलं तेव्हा पूरग्रस्तांच्या यादीचा सर्व्हर मी सांभाळत होते. बोटीतून उतरलेल्या माणसाचं नाव, गाव आणि त्याला कुठल्या शाळेतल्या छावणीत धाडलं, एवढंच त्यात असायचं. मी मूळची वाईची, कृष्णाकाठचीच. पण नदीचं असलं रूप कधी बघितलं नव्हतं.

सर्व्हर कुठलीही नोंद आधी लॉग फाइलमध्ये टिपतो, मग सावकाश यादीत भरतो. मध्येच बंद पडला, तर उठल्यावर ती फाइल वाचून राहिलेलं भरून काढतो. पण दर नोंदीला लॉग डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागायचं, आणि बाहेर भिजलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग. मी सेटिंग बदललं: सेकंदभराच्या नोंदी गोळा करून लॉग एकदम लिहायचा. रांग भराभर सरकली. लय शहाणी मी.

दुपारी वीज गेली, बॅटरीनंही मान टाकली. जनरेटर आल्यावर सर्व्हर उठला, लॉग वाचला, सगळं ठीक म्हणाला. तेवढ्यात एक आजोबा आले. जनावरं सोडायला ते मागं थांबले होते, बायकोला शेजाऱ्यांबरोबर पुढं धाडलं होतं. मी नाव शोधलं. नव्हतं.

"आजोबा, त्या इथं आलेल्याच नाहीत," मी छातीठोकपणे सांगितलं.

"मंग ती बोटीत चढलीच न्हाई." त्यांचं घर सकाळीच पडलं होतं. त्यांनी फौजेतल्या मुलाला फोन लावला. "तुजी आई गेली रं."

ते ऐकलं आणि मला बदललेलं सेटिंग आठवलं. वीज गेली त्या सेकंदातल्या नोंदी लॉगमध्ये उतरल्याच नसणार. मी आजोबांना घेऊन छावण्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या शाळेत आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आजोबा दारातच खाली बसले, त्यांना उठवेना. मला माझाच संताप आला, अजून येतो.

मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. आईचा आवाज ऐकून तो नुसता हुंदके देत राहिला. घाबरून आजींनी फोन माझ्या हातात दिला. मी माफी मागितली, चूक माझी होती म्हणाले.

 तो म्हणाला, "ताई, मी डोकं भादरलंय. आईला सांगू नगा."