रिकाम्या बेसवरचा झोत

झोप अजून आलेली नाही, पण जाग निघून चालली आहे. खोलीतला हीटर मधूनच खाकरतो. खिडकीबाहेर पोलंडमधलं लुब्लिन शहर भर दुपारी अंधारून बसलं आहे, आणि गिटारवादक प्रबोध आढाव कोटबुटांसकट हॉटेलच्या पलंगावर आडवा पडून, आज दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात आपल्याला काय काय सोसायचं आहे, याची मनाशी उजळणी करतो आहे.

सोसण्याजोगं पुष्कळ आहे. नव्या अल्बमचं नाव त्याने ‘सीना’ ठेवलं होतं. नगरच्या कडेने वाहणाऱ्या, खरं म्हणजे वर्षाचे बरेच महिने न वाहणाऱ्या नदीवरून. कंपनीने त्याचं ‘गंगेचे अश्रू’ केलं. गंगा नगरपासून किती लांब आहे, हे विचारावं असं तिथे कोणालाच वाटलं नाही. वेष्टनावर एका विद्वान समीक्षकाने असंही लिहून ठेवलं आहे की, या ध्वनिमुद्रणातल्या बेसमधून प्राचीन ऋषींचा तंबोरा ऐकू येतो. हे ऋषी म्हणजे प्रबोधचे बेसवादक बर्णबा रणभिसे. नगरजवळच्या एका गावात, चर्चच्या पायपेटीवर वाढलेले, मटणाच्या रश्श्यासाठी तालीम बुडवणारे, आणि ध्वनिमुद्रण आटोपल्यावर थोड्याच दिवसांत हृदय बंद पडून गेलेले.

मेलेल्या माणसाचं काय करायचं, हे आयोजकांना मात्र नेमकं ठाऊक आहे. प्रत्येक शहरात ते एक डबल बेस भाड्याने आणतात. माणसाएवढं उंच, खालच्या सुरांचं ते तंतुवाद्य मंचावर वादकाविना उभं करतात आणि त्यावर निळा झोत सोडतात. पहिल्या शहरात प्रबोधला विचारलं होतं. त्याने मान हलवली. शोक करणारा माणूस कशालाही मान हलवतो, आणि हे या धंद्यातल्या लोकांना शोक करणाऱ्यापेक्षा अधिक चांगलं कळतं.

शेवटी ‘सीना’ ही धून तो एकटाच वाजवतो, आणि ती दररोज अर्ध्यावर तुटते. श्रोते डोळे पुसत उभे राहतात. समीक्षकांनी तिला ‘अपूर्ण विलापिका’ ठरवलं आहे. वस्तुस्थिती इतकी उदात्त नाही. जॅझमध्ये वादक मूळ धून सोडून आपल्या कल्पनेच्या रानात शिरतो, आणि परत धुनेवर यायची वेळ झाली की कोणीतरी तळहाताने स्वतःच्या डोक्यावर थापटून खूण करतं. त्यांच्यात बर्णबा थापटायचा. आता थापटणारं कोणी नाही, म्हणून प्रबोधला परत येता येत नाही. एवढंच आहे. आजही तेच होणार, आणि आज झालं तर त्या धुनेला शेवट नाही हे कायमचं ठरून जाणार.

“सरक जरा,” बर्णबा म्हणतो.

प्रबोध सरकतो. कोणासाठी सरकलो, हे त्याला नंतर कळतं. बर्णबा पलंगाच्या कडेला टेकला आहे. अंगात पुरताना घातलेला काळा सूट आहे. बूट मात्र त्याने काढून मांडीवर घेतले आहेत.

“हे कोणी घेतले होते रे?”

“मी.”

“चावतात. एक नंबर लहान हायेत.”

“तुझा नंबर कोणाला माहीत होता, बर्णूदादा? तुझ्या बहिणीला, मार्थाअक्कालाही नव्हता. तू आयुष्यात कधी बूट घातलेस?”

बर्णबा बोटांनी तळवे चोळतो. तो अनवाणीच वाजवायचा. लहानपणी पायपेटीचा भाता मारता मारता खालचे सूर तळव्यांनी ऐकायची सवय लागली, ती सुटली नाही. बेसची खालची लोखंडी टाच मंचाच्या फळीत रोवली की फळी बोलते, म्हणायचा. त्याला माती द्यायच्या दिवशी सकाळी प्रबोध नगरच्या कापडबाजारातल्या बुटांच्या दुकानात उभा होता. दुकानदाराने नंबर विचारला. ज्या पायांकडे बघून सारी उमेदीची वर्षं ताल धरला, त्यांचं माप त्याला सांगता आलं नव्हतं.

“चल, रांग पुढं गेली,” बर्णबा म्हणतो.

खोलीच्या दाराबाहेर विमानतळ आहे. रांगेतली माणसं चर्चच्या बाकांवर बसून पुढे सरकत आहेत, आणि प्रबोधच्या मागे भाड्याचा बेस उभा आहे. निळा झोत त्याच्याबरोबर सरकतो.

“हा कोण?”

“भाड्याचा आहे.”

“वाजवतो कोण?”

“कोणी नाही. नुसता उभा असतो. तुझ्याऐवजी.”

मुलगी बघायला आलेल्या मामासारखा बर्णबा बेसभोवती एक फेरी मारतो. एका तारेवरून बोट फिरवतो आणि बोटाला लागलेली धूळ बघतो.

“मी एवढा जाडा होतो?”

“लोक रडतात, दादा.”

“ह्याच्याकडं बघून?”

“झोताकडे बघून.”

“मग हार त्या लायटीवाल्याला घाला की.” तो बोट कोटाला पुसतो. “माझा कुठंय?”

“मार्थाअक्काच्या घरी. पलंगाशेजारी उभा केलाय. ती त्याच्यावर लुगडं वाळत घालते.”

“बरं करते,” बर्णबा म्हणतो.

बाक थांबतात. छप्पर राहिलेलं नाही. पायांखाली सीनेची वाळू आहे, कोरडी आणि दिवसभराच्या उन्हाने अजून ऊन. पात्राच्या मधोमध गावच्या चर्चची पायपेटी आहे. बर्णबा तिच्यासमोर बसून भाता मारतो, पण सुरांवर हात ठेवत नाही. पेटी नुसती श्वास घेते. प्रबोधच्या हातात गिटार आहे. तो धून वाजवतो, धुनेतून बाहेर पडतो, लांब जातो, आणखी लांब जातो. मग रोजच्यासारखा बर्णबाच्या हाताकडे पाहतो. हात गुडघ्यावर स्वस्थ आहे.

“थापट ना.”

“काय म्हणून?”

“मला परत यायचंय.”

“मग ये.”

“खूण तू करायचास, दादा.”

भाता थांबतो. “आरं, मी माझ्या मनानं कवा थापटलं? तुझं सांगून संपलं की तुझा डावा खांदा वर जायचा. हर बारीला. तो दिसला की मी थापटायचो. तू बघायचास माझ्याकडं, म्हणून तुला वाटायचं मी सांगतोय.”

“हे तू कधी बोलला नाहीस.”

“बोललो असतो तर खांदा सावध झाला असता. मग काय कामाचा?”

प्रबोधला हसू येतं. “खांदा वर गेला तरी काय? परत येऊन टेकायचं कशावर? तुझ्याशिवाय खाली काहीच नसतं.”

बर्णबा उठतो, वाळूतून चालत येतो. गिटारच्या टोकाशी असलेल्या खुंटीला हात घालतो आणि सगळ्यात जाड तार ढिली करू लागतो. तार उतरते, अजून उतरते, आणि एका ठिकाणी घुमून स्थिर होते. प्रबोधला ती तळव्यांत ऐकू येते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येतं की, आपल्याही पायांत काही नाही.

“माझ्याइतकं खोल नाही जायचं,” बर्णबा म्हणतो. “पण उभं राहता येईल.”

“तू थांब ना.”

“मला कुठं वाजवायचंय आज? तुला वाजवायचंय.” तो बूट उचलून काखेत मारतो. “हे कुणाला होतात का बघतो तिकडं.”

भाता पुन्हा सुरू होतो, पण आता तो हीटर आहे.

दार वाजतं आहे. दाराबाहेर आयोजकांची यागोदा आहे. मृदू आवाजाची, कार्यक्षम बाई. साउंडचेकची वेळ झाली, असं ती सांगते. मग आणखी मृदू आवाजात विचारते, शेवटचाच कार्यक्रम आहे, तर आज बेसवरचा झोत थोडा मोठा ठेवायचा का?

प्रबोध कुशीवर वळतो. गिटार पलंगालगतच्या खुर्चीवर आहे. सकाळी सुरात लावून त्यानेच ती तिथे ठेवली होती. पडल्या पडल्या हात लांबवून तो तारा एकेक छेडतो. पाच तारा जिथल्या तिथे आहेत. सहावी, सगळ्यात जाड, नेमका एक स्वर खाली उतरली आहे. हीटरच्या उबेने तारा ढिल्या पडतात, हे त्याला ठाऊक आहे. पण ऊब सहा तारांमधून एकीला निवडत नाही, आणि निवडलीच तरी तिला इतक्या अचूक सुरात आणून सोडत नाही.

“बेस परत पाठवून द्या,” तो दाराकडे तोंड करून म्हणतो.

“आणि त्याच्या जागी?”

“त्या जागी मी उभा राहीन. साध्या उजेडात.”

बाहेर पावलं दूर जातात. प्रबोध उठून बसतो, वाकून बुटांच्या नाड्या सोडतो, मोजे काढतो. उघडे तळवे लाकडी जमिनीवर टेकवून तो गिटार मांडीवर घेतो आणि ती सहावी तार पुन्हा एकदा छेडतो. घुमून विरेपर्यंत ऐकतो. खुंटीला हात लावत नाही.