उन्हाच्या बाजूचा मामा

धुळामामाबरोबर चालताना माझी सावली पडायची नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बीडहून पाटोद्याजवळच्या आजोळी जायचे, आणि सकाळी मेंढरांमागे आम्ही दोघंच माळावर निघायचो. वाट वळली की मामा काही न बोलता माझ्या दुसऱ्या बाजूला यायचा. पुन्हा वळली की पुन्हा इकडे. मला वाटायचं, याला एका बाजूनं चालवतच नाही. एकदा चपलेत रुतलेला काटा काढायला वाकले, तेव्हा दिसलं. जमिनीवर पटक्यासकट एकच लांब सावली होती आणि मी तिच्या आत होते.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. बोललाच तर समोरच्याच्या कानाकडे बघून बोलायचा. कुणी विचारलं, "धुळा, कसा हायेस?" तर म्हणायचा, "उभा हाय." लोक हसायचे. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, कारण तो खरंच उभा असायचा. त्याला मुद्दाम खोटं बोलता येत नव्हतं आणि उगाच गोडही बोलता येत नव्हतं.

अंगाला हात लावलेला त्याला खपायचा नाही. मी पाया पडायला वाकले की तो पाय मागे घ्यायचा. मात्र नुकतं जन्मलेलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून अख्खी दुपार छातीशी धरून बसायचा. मावशी एकदा टोचून म्हणाली, "मेंढराला कवटाळतोस आन् भाचीला जवळ घेईना. असं कावून रे?"

मामानं नीट विचार केला. "कोकरू घाबरतंय," तो म्हणाला. "ही न्हाई घाबरत."

मी तेव्हा इंग्रजी शाळेत होते आणि सगळ्यालाच घाबरायचे. वर्गात नाव पुकारलं की खाली वाकून दप्तरात काहीतरी शोधायला लागायचे. घरी पाहुणे आले की सगळे म्हणायचे, "बोल की गं, तोंड हाय ना?" मामा कधीच तसं म्हणाला नाही. माळावर आमच्या दोघांत एक मेंढरू सहज जाईल एवढं अंतर असायचं आणि बोलणं जवळजवळ नसायचंच. मी न बोलल्यामुळे त्याचं काही अडायचं नाही. असं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

सुट्टी संपली की तो आम्हाला फाट्यावर सोडायला यायचा. तिथं ना शेड, ना झाड. एसटी येईपर्यंत आई त्याला म्हणत राहायची, "बस की जरा, पाय दुखतील."

"बसलो तर कमी पडंल," मामा म्हणायचा. काय कमी पडेल, हे आईनं कधी विचारलं नाही.

मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझी एक मैत्रीण ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायची. ती त्यांच्याबद्दल सांगू लागली की मला वाटायचं, ही मामाला कुठे भेटली? तिचं एक म्हणणं मला फार पटलं. ही मुलं प्रेम कमी करत नाहीत, ते कुठे शोधायचं हे आपल्यालाच माहीत नसतं. पुढच्या सुट्टीत मी मामाला सांगितलं, "मामा, तुझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. त्याला नावसुद्धा आहे."

"त्यांच्याकडं बी मेंढरं हायेत का?" त्यानं विचारलं.

माझं लग्न ठरलं. आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीमागे मामा उभा राहतो. मावशीनं आधीच बजावलं, "धुळ्याला उभा करू नका. बँड वाजला की पळंल आन् पाव्हण्यांत शोभा व्हईल. चुलतमामा हाय की." मी मात्र गावी जाऊन मामालाच विचारलं.

"कवा हाय?" तो म्हणाला.

"संध्याकाळी, ऊन उतरताना."

"तोंड कुणीकडं?"

"मावळतीकडे."

"येतो."

लग्नादिवशी तो सकाळपासून लॉनच्या कोपऱ्यात कोरं धोतर नेसून बसला होता. नवरदेव आला, बँड सुरू झाला आणि मामा दिसेनासा झाला. "गेला! म्हणलं न्हवतं?" मावशी म्हणाली. चुलतमामा टोपी सारखी करत माझ्या मागे येऊनही उभे राहिले.

"बँड बंद करा," मी म्हणाले. माझा तो आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"अगं, लगीन हाय का मयत?" मावशी म्हणाली.

"मामा आल्याशिवाय मी पाटावर चढणार नाही."

सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाबांनी हात वर केला आणि बँड थांबला. थोड्या वेळानं पाण्याच्या टँकरमागून मामा आला. दोन्ही कानांत त्यानं पांढऱ्या लोकरीचे बोळे कोंबले होते. येऊन तो माझ्या मागे नाही, पुढे उजव्या हाताला, अंतरपाटाला खेटून उभा राहिला.

"मामा, मागं! मागं सरका!" चारी बाजूंनी लोक ओरडले.

"ऊन हिकडून येतंय," तो म्हणाला.

मंडपाची कनात वाऱ्यासाठी वर बांधली होती आणि उतरतं ऊन तिथूनच आत येत होतं. अक्षता अंगावर पडल्या की तो दचकायचा, पण जागचा हलला नाही. सगळी मंगलाष्टकं मी त्याच्या सावलीत ऐकली.

निरोपाच्या वेळी अंधारून येत होतं आणि बँड पुन्हा वाजत होता. सगळे गळ्यात पडून रडत होते. मामा गाडीपाशी आला. "अरे, भाचीला जवळ तर घे," मावशी म्हणाली. त्यानं मावळतीकडे बघितलं, मग माझ्या कानाकडे.

"आता ऊन न्हाई," तो म्हणाला. "जा."

आणि पाठ फिरवून निघाला. गाडी वळेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. तो रस्त्याच्या कडेनं चालला होता, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.