चव विचारणाऱ्या काकू

ताट समोर आलं की काकू आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. त्यानं पहिला घास गिळला की विचारत, "कसं लागते?"

"छान आहे."

"छान म्हंजे काय बाप्पा? आंबट, खारट, तुरट, नीट सांगा न."

तुम्ही कधी गटानं सहलीला गेला असाल तर असा एखादा प्रवासी तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या शेजारी जेवायला दुसऱ्या दिवसापासून कोणी बसत नाही. आमच्या युरोपच्या सहलीत ते स्थान अकोल्याच्या या काकूंचं होतं. मी अमरावतीच्या एका प्रवास कचेरीत कामाला आहे. पंचवीस माणसं घेऊन जायची आणि पंचवीस परत आणायची, हे माझं काम. त्यांच्याबद्दल विचार करायला फारशी फुरसत नसते.

काकू पासष्टीच्या, एकट्याच आलेल्या. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'खानावळ, आता बंद' असं लिहिलं होतं. कॉलेजच्या पोरांना त्यांनी तीस वर्षं जेवू घातलं होतं. बाकीच्या मंडळींनी बॅगा भरून चिवडा, शेव, लोणची आणली होती. काकूंच्या बॅगेत खाण्याचं काहीच नव्हतं.

इतिहासात त्यांना रस होता, पण आपल्या वाटेनं. एका राजवाड्यात गाइडनं राजाचं भोजनगृह दाखवलं, सोन्याच्या ताटांचं वर्णन केलं. काकूंनी मला विचारायला लावलं की स्वयंपाकघर कुठं आहे. गाइडनं खिडकीतून अंगणापलीकडची इमारत दाखवली.

"एवढ्या लांब? मंग राजानं जल्मभर गारच खाल्लं म्हना की!"

गाइडला हे इंग्रजीत सांगितलं तर तो मोठ्यानं हसला. म्हणाला, खरंच तसं होतं.

पॅरिसमध्ये एका रात्रीच्या जेवणात कांद्याचं सूप इतकं खारट झालं होतं की सगळ्यांनी वाट्या सरकवल्या. वाढप्यानं माफी मागितली. काकूंनी मात्र वाटी पुसून संपवली होती. मग हळूच माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, खारट होतं काय?"

दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडच्या वाटेवर, सगळे खिडकीतून तळ्यांचे फोटो काढत असताना, त्यांनी आपणहून सांगितलं.

"कोरोनात जिभेची चव गेली, ते आलीच नाही. पोरं म्हनत, काकू, आज मीठ नाही. दुसऱ्या दिवशी म्हनत, लय झालं. मंग बंदच केली खानावळ."

"मग काकू, खाण्यासाठी एवढ्या लांब?"

"अकोल्यात भाकर तोंडात घातली की कळते, काय गेलं ते. इथलं मी कधी चाखलंच नाही. गेलं काय न राह्यलं काय, मले कसं समजनार?" मग म्हणाल्या, "तुमाले विचारतो न, तेवढंच मले भेटते."

हे कोणाला सांगू नका म्हणाल्या. मी सांगितलं नाही. त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसू लागलो, आणि 'छान' म्हणणं सोडलं.

दक्षिण इटलीत डोंगरातल्या एका खेड्याजवळ आमची बस बिघडली. तासाभरात दुरुस्त झाली, तर काकू गायब. पुढे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर पाहायचं होतं आणि आत सोडण्याची वेळ ठरलेली होती. मी गल्ल्या धुंडाळत सुटलो.

एका घराच्या दारात टेबल मांडून एक म्हातारी बसली होती. कणकेचा लांबट तुकडा लोखंडी काडीवर दाबून फिरवायचा आणि पोकळ नळी काढून ठेवायची, असं तिचं चाललं होतं. समोर काकू, हातात दुसरी काडी.

"भाऊ, पाहा! आपले सरगुंडे!"

आंब्याच्या रसाशी खायला वऱ्हाडात उन्हाळ्यात करून वाळवतात, तेच. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. काकूंनी कणकेला बोट लावून मान हलवली आणि पाण्याच्या भांड्याकडे खूण केली. म्हातारीनं पाण्याचा हात लावून कणीक पुन्हा मळली, दाबून पाहिली आणि काकूंच्या दंडावर थाप मारली.

"काकू, चला. उशीर होतोय."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "कनीक बोटाले कळते, भाऊ. बोटाचं नाही गेलं काही."

मागून सहलीतले एक निवृत्त साहेब आले. "एका बाईसाठी चोवीस माणसांचा खोळंबा?"

त्यांचं बरोबरच होतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "कणीक संपू द्या."

आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. मंडळींनी ते शहर कुंपणाबाहेरून पाहिलं आणि परतल्यावर तक्रार केली. कचेरीनं खुलासा मागितला. 'बस बिघडली होती,' असं मी लिहून दिलं.

पुढच्या वर्षी स्पेनची सहल ठरली. एप्रिलमध्ये कामानिमित्त अकोल्याला गेलो, तेव्हा माहितीपत्रक घेऊन काकूंच्या घरी गेलो. सुनेनं गच्चीकडे बोट दाखवलं. वर सगळ्या गच्चीभर धुतलेल्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर सरगुंड्यांच्या रांगा. चार बाया वळत होत्या. आसपासच्या लग्नघरांतून मागणी येत होती म्हणे. काकू डोक्यावर ओला पंचा टाकून रांगांमधून हिंडत होत्या. एखादा सरगुंडा उचलून दोन बोटांत दाबत आणि पुन्हा ठेवून देत.

मी माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी ते कठड्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर पाण्याचा गडवा ठेवला.

"आता नाही जमत, भाऊ. ऊन चांगलं हाये," म्हणाल्या, आणि खाली वाकून पुढची रांग उलटवू लागल्या.