कळस कापायचा नाही

...तर रघुराम डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकत होता, आणि गुरुमूर्ती "कळस आला काय रे?" असे ओरडत त्याच्याकडे पुढे पुढे येत होते.

तंजावुरात आपल्या मराठी घरांतून साठीशांत झाली, बायकोच्या गळ्यात पुन्हा एकदा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधून झाली, की जोडप्याने मोठ्या देवळापुढे फोटो काढायचा, ही चाल अलीकडची. कीळवासलच्या रस्त्यावरचा रघुरामचा स्टुडिओ निम्मा तिच्यावरच चालतो. पण गुरुमूर्तींची अट होती की कळस कापायचा नाही. शुभकार्याचा तसला फोटो घरात ठेवीत नाहीत. दुसरे फोटोवाले माणसे जवळून घेतात आणि मागे आख्खे देऊळ कॉम्प्युटरवर चिकटवून देतात. रघुराम तसे करीत नाही. मागे सरकता सरकता समोरच्या भिंतीला त्याची पाठ टेकली तेव्हा कळस आला. खाली गुरुमूर्ती आणि त्यांची बायको अंबामामी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी उरली.

खरे तर त्याला तेच हवे होते. मेडिकल कॉलेजच्या लांबलचक भिंतीशी डबा उघडून बसलेली बाई, राजवाड्याच्या मनोऱ्याखाली छत्री झटकणारा कारकून, सुटीच्या दिवशी हेच टिपीत तो हिंडतो. एकदा त्रिचीच्या एका बिल्डरने नव्या इमारतीचे फोटो काढायला बोलावले, तर याच्या प्रत्येक फोटोत रखवालदार. "हा पुसून टाक," बिल्डर म्हणाला. "मग इमारत खेळण्यातली दिसेल," हा म्हणाला. फोटो परत आले. असे कितीतरी कपाटात पडून होते. "तुमच्या फोटोंतली माणसं शोधायला डोळ्यांचा डॉक्टर लागेल," असे त्याची बायको विनुता म्हणे. एक तरी फोटो कोणाच्या भिंतीवर लागावा, एवढीच त्याची आस होती.

म्हणून गुरुमूर्तींचा फोटो त्याने मोठा करून, चौकट घालून स्वतः नेऊन दिला.

गुरुमूर्तींनी तो उजेडात धरला. "आम्ही कोठे?"

"खाली, मामा. देवळाच्या पायथ्याशी."

"हे आम्ही? मी नेसलेली रेशमी पट्टू वेष्टी कोठे दिसते?"

"कळस कापायचा नाही म्हणालात की."

"कळस कापू नको म्हणालो. मला काप म्हणून कोणी सांगितलं? असला देवळाचा फोटो कॅलेंडरावर मिळतो. परत ने, आणि जवळून काढून आण."

रघुराम चौकट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तेवढ्यात अंबामामी चष्मा लावून आल्या.

"थांब रे, बघू दे. हे पुढे, मी मागे. लग्न झाल्यापासून रस्त्यात असंच चालतात. आमचाच फोटो आहे हा."

"त्याच्याशी बोलायला पुढे गेलो होतो मी," गुरुमूर्ती म्हणाले.

"त्याने उभं राहायला सांगितलं होतं. मी उभी राहिले." त्यांनी चौकट रघुरामच्या हातून काढून घेतली. "हॉलात लावायचा."

गुरुमूर्तींनी हातोडी आणली आणि स्टुलावर चढले. दारावर, छताला लागून, घरातले सगळे वाडवडील पुढे झुकून ओळीने टांगलेले होते. त्यांच्या शेजारी खिळा टेकवून त्यांनी खाली पाहिले.

"येथे ठीक आहे ना रे?"

रघुराम म्हणाला, "तेथे इतक्या उंच लावलात तर नुसता कळस दिसेल, तुम्ही दोघं नाही, मामा. खाली उतरा, आणि मामींच्या डोळ्यांसमोर येईल तेथे खिळा मारा."