रिकामा पंप

जुन्या सोफ्याचं पोट फाडलं की त्यातून काय काय निघतं, ते त्यावर बसणाऱ्यांना कधी कळू नये. केसांचे गुंतवळ, कुजलेली बिस्किटं, कापलेली नखं, उंदराच्या लेंड्या. लोकांच्या बुडाखालची ही घाण उपसून सोफा नवा करणं हा त्याचा धंदा, आणि त्याला दमा! दैव तरी किती नालायक असावं.

कारखाना मेहुण्याचा होता. मागच्या थंडीत तिथेच त्याला दम्याचा जबर झटका आला आणि तो मरता मरता वाचला. तेव्हापासून दम्याच्या जोडीला भीती येऊन बसली. धूळ नसतानाही छाती आवळायची, घाम फुटायचा, हातापायांना मुंग्या यायच्या. अंथरुणावर आडवं व्हायचीही धास्ती. खिशातला दम्याच्या औषधाचा पंप तो उठता-बसता चाचपायचा. आपल्या भित्रेपणाची त्याला स्वतःलाच शिसारी येई.

एकदा असंच झालं. त्याने पंप ओढला, जरा वेळाने बरं वाटलं. मेहुण्याने तो पंप उचलून हलवला, दाबून पाहिला.

"अहो दाजी, हा तर रिकामा! नुसती हवा ओढून बरे झालात?"

सगळा कारखाना खो खो हसला. मग कुणी जांभई दिली तरी मेहुणा म्हणायचा, "पंप द्या रे याला!" असल्या विनोदावर थुंकावंसं वाटतं. पण तो थुंकला नाही. त्याला ते पटलं. आपली सगळी नाटकंच, असं मनाशी म्हणत त्याने नवा पंप आणला खरा, पण घरातल्या कपाटात टाकून ठेवला.

थोड्याच दिवसांत काम करता करता छाती भरून आली. हे मनाचे खेळ, असं स्वतःला बजावत तो सोफ्याचं रेक्झीन सोलत राहिला.

"झालं सुरू!" मेहुणा म्हणाला. कुणी मान वर केली नाही. डबा घेऊन आलेल्या बायकोने त्याचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि ती किंचाळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दमा खरा आणि भीतीही खरी. असा झटका येऊन गेला की अनेकांना ती धरते. उपचार दोन्हींवर करायचे."

मेहुणा कानकोंडा होऊन उभा होता. "पण दाजी, खरंच दम लागला होता तर पंप मागायचात ना!"

त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मलाही नाटकच वाटलं रे," तो म्हणाला. "तूच पटवून दिलं होतंस."